बाटलीच्या धाग्याचा टी-शर्ट घ्यावा का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पोलीस भरती आणि अग्निवीरची तयारी गावोगाव सुरू झाली की खेळाच्या कपड्यांबद्दलची पत्रे वाढतात. या वेळी बहुतेक पत्रांत एकच शब्द होता: रिसायकल. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : भरतीसाठी रोज १६०० मीटरचा सराव करतो. ऑनलाइन ‘प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेला’ टी-शर्ट दिसला. आमच्याकडचा दुकानदार म्हणतो, बाटलीचे कापड अंगाला टोचते आणि घाम पीत नाही. घ्यावा की नाही? (उमरखेड, जि. यवतमाळ)

तुमचा दुकानदार ज्याला ‘ड्रायफिट’ म्हणून विकतो, ते कापडही बहुतेक वेळा पॉलिस्टरच असते, आणि पॉलिस्टर व पाण्याची बाटली एकाच पदार्थाची, म्हणजे पीईटीची. भंगारातल्या बाटल्या निवडतात, धुतात, त्यांचा चुरा करतात, तो वितळवून दाणे पाडतात आणि त्या दाण्यांचा बारीक छिद्रांतून धागा ओढतात. टोचणे न टोचणे हे धाग्यातले तंतू किती बारीक आहेत आणि विणकाम कसे आहे यावर ठरते. बाटलीचा त्यात दोष नाही.

बिघडते ते चुरा नीट साफ न झाल्याने. झाकण, लेबल, डिंक, दुसऱ्या जातीचे प्लास्टिक किंवा ओलावा राहून गेला, तर वितळताना पीईटीच्या लांब साखळ्या तुटतात. धागा कमजोर निघतो, लवकर लव सोडतो, पिवळट पडतो. चांगल्या कारखान्याचा रिसायकल धागा नव्या धाग्याच्या जवळपास तोडीचा असतो, म्हणून पारख कापडाची करायची.

घामाबद्दल दुकानदार अर्धा बरोबर आहे. पॉलिस्टर स्वतः जेमतेम ०.४ टक्का ओलावा धरते, सुती कापड ८ टक्क्यांच्या आसपास. पण खेळाच्या कापडाने घाम पिऊन ठेवायचाच नसतो. तो तंतूंमधल्या फटींतून बाहेरच्या बाजूला पसरवायचा आणि उडू द्यायचा असतो. टी-शर्ट उलटा करून आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब सोडा. तीन-चार सेकंदांत तो पसरून रुपयाएवढा झाला तर ठीक. मोत्यासारखा उभा राहिला तर ते कापड पाठीला चिकटणार. स्वस्त मालात हा गुण वरून दिलेल्या रसायनाचा असतो आणि काही धुण्यांत निघून जातो, म्हणून पाच-सहा धुण्यांनंतर थेंब पुन्हा सोडून पाहा.

मे महिन्यातल्या आपल्याकडच्या कोरड्या उन्हात सुती बनियनही झटकन वाळते, तेव्हा फरक फारसा कळत नाही. खरी परीक्षा श्रावणातल्या दमट पहाटे होते. तेव्हा सुती टी-शर्ट घामाने जड होऊन पोटावर लोंबतो.

प्रश्न : टॅगवर ‘रिसायकल्ड’ छापलेले खरे आहे हे कसे ओळखायचे? जाळून पाहिले तर कळते का? (वरोरा, जि. चंद्रपूर)

जाळून एवढेच कळते की कापड सुती आहे की पॉलिस्टर. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर आकसून वितळते, काळा धूर सोडते आणि कडक मणी राहतो. बाटलीचा धागा आणि नवा धागा दोन्ही सारखेच जळतात. हाताला, डोळ्याला, नाकाला हा फरक कळत नाही. जो विक्रेता ‘हात लावा, कळेल’ म्हणतो त्याच्याकडून बाकीही काही घेऊ नका.

इथे भरवसा कागदाचाच. शिवणीत लावलेल्या पट्टीवर कापडाची टक्केवारी वाचा. ‘९२ टक्के रिसायकल्ड पॉलिस्टर, ८ टक्के इलास्टेन’ असे स्पष्ट लिहिलेले चांगले. त्याच कपड्याच्या पुढच्या टॅगवर ‘१०० टक्के रिसायकल’ असेल तर काहीतरी लपवले आहे, कारण ताणाचा धागा, म्हणजे इलास्टेन किंवा लायक्रा, जवळपास नेहमी नवाच असतो. टॅगवर जीआरएस म्हणजे ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्डचे चिन्ह असेल तर मालात किमान ५० टक्के रिसायकल धागा असावा लागतो. आरसीएस म्हणजे रिसायकल्ड क्लेम स्टँडर्ड या दुसऱ्या चिन्हाला ५ टक्केही पुरतात, त्यामुळे चिन्हाशेजारचा आकडा जरूर वाचा. खऱ्या टॅगवर तपासणाऱ्या संस्थेचे नाव आणि परवाना क्रमांक असतो. ओइको-टेक्सचे चिन्ह दिसले तर ते घातक रसायनांच्या तपासणीचे आहे; त्याचा रिसायकलशी संबंध नाही.

नुसते ‘इको’, ‘ग्रीन’, हिरवे पान, एवढ्यावर जादा पैसे मोजू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये अशा पर्यावरणी दाव्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. दावा केला तर पुरावा हवा. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. बिल मात्र जपून ठेवा. आठवडी बाजारातल्या ढिगातून घेतले असेल तर तक्रार कोणाविरुद्ध करणार?

प्रश्न : दुकानात दहा मिनिटांत काय काय तपासावे? (मूर्तिजापूर, जि. अकोला)

पहिले वजन. कापडाचा जीएसएम म्हणजे एक चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन. धावण्याच्या टी-शर्टला १३० ते १६०, ट्रॅक पँटला २०० ते २५०, लेगिंगला २२० ते २८० चांगला. टॅगवर आकडा नसेल तर काट्यावर ठेवा. मध्यम मापाचा अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट साधारण १३० ते १६० ग्रॅम भरावा. शंभरच्या खाली गेला तर तो जाळीदार आहे की नुसता विरळ, हे उजेडात धरून बघा. भारी म्हणजे चांगला असेही नाही. १८० जीएसएमच्या वरचे कापड आपल्या उन्हाळ्यात नकोसे होते.

मग ताण. कापडावर बोटांनी १० सेंटीमीटर अंतर धरा, ते १५ पर्यंत ओढा, दहा सेकंद तसेच ठेवा आणि सोडा. लगेच १० वर आले पाहिजे. साडेदहावर अडकले तर महिनाभरात गुडघ्याला फुगे येणार. ही परीक्षा लेगिंग आणि ट्रॅक पँटसाठी. इलास्टेन नसलेला साधा टी-शर्ट इतका ताणू नका, दुकानदार उगाच चिडेल.

शिवण आतून बघा, दोष बहुतेक तिथेच सापडतो. काखेत आणि मांडीच्या आत चपटी शिवण हवी, जी दोन्ही बाजूंनी बोटाला सपाट लागते. उभी गाठ असलेली ओव्हरलॉक शिवण तीन किलोमीटरमध्ये कातडी सोलते. शिवण दोन्ही हातांनी आडवी ओढा. टाक्यांमधून पांढरे दात दिसले तर टाके विरळ आहेत, ‘टक्’ असा आवाज आला तर धागा ताणाचा नाही. इंचात दहा-बारा टाके असावेत. पँटच्या दोन्ही पायांच्या मधोमध हिऱ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला असेल तर उत्तम, कारण बैठका मारताना पँट उसवते ती नेमकी तिथेच.

कापडावर कापड तीस-चाळीस वेळा घासा. लव उठली तर काही दिवसांत गोळे येणार. रिसायकल मालात हे जास्त दिसते, कारण काही कारखाने अखंड तंतूऐवजी आखूड तुकड्यांचे सूत वापरतात आणि त्यांची टोके बाहेर येतात. शेवटी ओल्या पांढऱ्या रुमालाने दहा वेळा घासून रंग लागतो का ते पाहा. लाल, गडद निळा आणि काळा यांत हे चुकवू नका.

प्रश्न : आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. ड्रायफिट टी-शर्ट धुतला तरी वास जात नाही आणि कापड पापडासारखे कडक होते. कापड वाईट आहे का? (दर्यापूर, जि. अमरावती)

कापडाआधी पाणी तपासा. क्षारयुक्त पाण्यात साबणाची वडी वापरली की साबण आणि क्षार मिळून चिकट साका तयार होतो आणि तो तंतूंमध्ये बसतो. पॉलिस्टरला तेलाची ओढ असते, त्यामुळे अंगाचे तेलही तिथेच अडकते आणि त्यावर जंतू पोसतात. वास येतो तो त्यांचा. वडी आणखी घासली की साका आणखी वाढतो.

वडी बंद करा, डिटर्जंट पावडर किंवा द्रव वापरा. टी-शर्ट उलटा करून अर्ध्या बादली पाण्यात एक सपाट चमचा पावडर टाकून २० मिनिटे भिजवा. पाणी कोमट चालेल, हात सहज बुडेल इतके, उकळते नको. ब्रश आणि धोपटणे बंद. शेवटच्या धुण्याला बादलीत एक छोटा चमचा निंबूसत विरघळवा, दहा मिनिटे कपडे बुडवा आणि पुन्हा साध्या पाण्यातून काढा. साका सुटतो. हे महिन्यातून दोनदा पुरे. पावसाचे पाणी टाक्यात साठवत असाल तर शेवटचे खंगाळणे त्या पाण्यात करा, फरक लगेच कळेल.

कपडे मऊ करणारे सुवासिक द्रव मात्र टाकू नका. ते तंतूंवर थर चढवते, घाम पसरायचा मार्ग बुजतो आणि वास उलट वाढतो. ब्लीचने इलास्टेन मरते. वाळत घाला ते सावलीत, वाऱ्यावर. आपल्या एप्रिलच्या उन्हात पत्र्यावर टाकलेली लेगिंग एका मोसमात सैल पडते. आणि सरावानंतर ओला टी-शर्ट पिशवीत कोंबून संध्याकाळपर्यंत ठेवलात तर वरचे सगळे वाया.

प्रश्न : मी ८०० मीटरची तयारी करते. लेगिंग घालावी की ट्रॅक पँट? लेगिंगमधून आतले दिसते म्हणून आई नको म्हणते. (आरमोरी, जि. गडचिरोली)

आईची शंका रास्त आहे. स्वस्त लेगिंगमध्ये दिसतेच. तळहातावर लेगिंग ताणून धरा. हातावरच्या रेषा दिसल्या तर ती परत करा. मग घालून उजेडात खोल बैठक मारा आणि कोणाला तरी मागून पाहायला सांगा. २२० जीएसएमच्या वर, इलास्टेन १५ ते २० टक्के आणि गडद रंग असेल तर सहसा अडचण येत नाही. फिकट राखाडी टाळा, त्यावर घामाचे डागही दिसतात. कमरेची पट्टी चार बोटे रुंद आणि दुहेरी असावी. नुसता इलास्टिक घातलेली पट्टी धावताना गुंडाळत खाली येते.

ट्रॅक पँट आवडत असेल तर खाली निमुळती घ्या. ढगळ पायघोळ वळणावर पायात येते.

तुम्ही विचारले नाही, पण लेगिंगपेक्षा स्पोर्ट्स ब्रा महत्त्वाची आहे. खालच्या पट्टीत दोन बोटे जातील, चार नाही. जागेवर वीस उड्या मारा; पट्टी वर सरकली तर माप मोठे आहे, खांद्यावर वळ उठले तर आधार पट्टीऐवजी खांद्यांवर येतो आहे. इथे रिसायकल आहे की नाही हा विचार दुय्यम. माप बसेल ती घ्या, आणि ताण गेला की तेवढीच लवकर बदला.

प्रश्न : आपण कापूस पिकवणारे लोक, मग प्लास्टिक का घालायचे? रिसायकल कापसाचे कपडे मिळत नाहीत का? (देवळी, जि. वर्धा)

मिळतात. तिरुपूरसारख्या ठिकाणी कपडे कापताना उरलेल्या चिंध्या आणि जुने कपडे पिंजून पुन्हा सूत काढतात. पानिपतचा तर हा मोठा धंदा आहे. अडचण अशी की पिंजताना तंतू तुटून आखूड होतो. आखूड तंतूचे सूत कच्चे, म्हणून त्यात नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळावे लागते. शाळेची पीटी, योग, सकाळचे चालणे, घरी वापरायला हे कापड झकास, अंगाला गार लागते. लांब धावायला जड पडते.

एका ठिकाणी मात्र सुतीच घाला: चुलीजवळ आणि शेकोटीजवळ. ठिणगी पडली तर सुती कापड जळते, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. हिवाळ्यात मैदानावर शेकोटी करून अंग शेकणाऱ्या पोरांना हे सांगायलाच हवे.

प्रश्न : हे कपडे धुताना प्लास्टिकचे बारीक कण पाण्यात जातात म्हणे? (तुमसर, जि. भंडारा)

जातात, कापड रिसायकलचे असो की नवे. पहिल्या काही धुण्यांत सर्वांत जास्त. गरम पाणी आणि जोरात घासणे टाळले, दर वापरानंतर धुण्याऐवजी हलका घाम असेल तेव्हा नुसते खंगाळले, तर बरेच कमी होते. आतून लव असलेले हिवाळी जॅकेट सर्वांत जास्त तंतू सोडते.

प्रश्न : गावच्या कबड्डी संघासाठी १५ जर्सी छापून घ्यायच्या आहेत. रिसायकल कापडात चांगल्या येतील का? (पांढरकवडा, जि. यवतमाळ)

येतील. सब्लिमेशन छपाई, म्हणजे कागदावरचा रंग उष्णतेने कापडात उतरवणे, पॉलिस्टरवरच बसते, त्यामुळे कापड जुळते. रिसायकल पांढरे कापड किंचित पिवळट असू शकते. संघाचा रंग पांढरा किंवा आकाशी असेल तर छापलेला नमुना हातात घेऊनच होकार द्या, मोबाइलवरच्या फोटोवर नको. कबड्डीत ओढाताण होते, म्हणून १६० ते १८० जीएसएम घ्या आणि खांद्याला आतून पट्टी लावलेली मागा. जर्सी फाटते ती खांद्याला आणि काखेला.

सगळे पैसे आधी देऊ नका. एक जर्सी आधी मागवा, तिच्यावर पेनाने २५ सेंटीमीटरचा चौकोन आखा आणि तीनदा धुवा. चौकोनाची बाजू सव्वा सेंटीमीटरपेक्षा जास्त आटली किंवा बाजूची शिवण वळून पोटावर आली, तर कापड गरम ताव देऊन नीट न बसवताच कापलेले आहे. इस्त्री मंद ठेवा, वर सुती फडके टाका. नाहीतर छापलेला रंग इस्त्रीला आणि शेजारच्या कापडाला लागतो. आणि १५ ऐवजी १७ मागवा. रिसायकल धाग्याचा रंग लॉटगणिक थोडा बदलतो. सहा महिन्यांनी दोन नवे खेळाडू आले तर त्याच रंगाची जर्सी मिळेलच असे नाही.