'प्रेझेंटली' म्हणजे 'सध्या' की 'थोड्या वेळात'? क्लायंटला 'आय ॲम प्रेझेंटली वर्किंग ऑन इट' लिहिलं तर ऑफिसातला मित्र म्हणतो चूक आहे

चूक नाहीये. तुमच्या वाक्यात 'ॲम वर्किंग' आहे ना, काम चालू आहे हे क्रियापदच सांगतंय, त्यामुळे ब्रिटिश क्लायंट असला तरी त्याचा गोंधळ होणार नाही. पण तुमचा मित्र उगाच बोलला असंही नाही. ब्रिटनमध्ये बऱ्याच लोकांना प्रेझेंटली म्हटलं की 'होईलच इतक्यात' हाच अर्थ आधी आठवतो, आणि 'सध्या' या अर्थाने वापरलेला तिकडच्या व्याकरणाच्या पंडितांना फारसा आवडत नाही. मला खटकतं ते एवढंच की 'सध्या' हा अर्थ नंतर घुसलेला, बिघडलेला आहे असं जे ठोकून सांगितलं जातं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, तिथेही हे ऐकू येतं, आणि ते खरं नाही.

मुळात 'प्रेझेंट'ला 'ली' लागून हा शब्द झाला, मध्ययुगाच्या शेवटाकडे, आणि तेव्हा त्याचा अर्थ 'आत्ता' किंवा 'ताबडतोब' असाच होता. 1611 चं किंग जेम्स बायबल बघा. मत्तयच्या 21व्या अध्यायात येशू अंजिराच्या झाडाला शाप देतो आणि झाड 'प्रेझेंटली' वाळून जातं. आजच्या वाचकाला वाटतं झाड हळूहळू वाळलं असेल, पण तिथे चमत्कारच हा आहे की ते त्याच क्षणी वाळलं, म्हणून तर शिष्य थक्क होतात. नव्या इंग्रजी भाषांतरांत तिथे सरळ 'इमिजिएटली' किंवा 'ॲट वन्स' घातलंय. शेक्सपिअरचं 'द टेंपेस्ट' पण त्याच काळातलं, त्यात जादूगार प्रॉस्पेरो हुकूम सोडतो तेव्हा त्याच्या सेवेतला आत्मा एरिअल विचारतो 'प्रेझेंटली?' आणि प्रॉस्पेरो म्हणतो हो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. म्हणजे एरिअल 'नंतर करू का' असं विचारत नाहीये, 'आत्ताच्या आत्ता?' असं विचारतोय, हे मुलांना सांगितलं की तो संवाद एकदम जिवंत होतो.

मग 'ताबडतोब'चं 'थोड्या वेळाने' कसं झालं? माणसं जशी वागतात तसंच. बोलावलं की आपण म्हणतो 'आलोच', आणि येतो दहा मिनिटांनी, समोरचाही हळूहळू तो शब्द ऐकून दहा मिनिटंच धरून चालतो, आणि पुढच्या पिढीला तोच अर्थ मिळतो. 17व्या शतकात प्रेझेंटलीचं हेच झालं. आणि हा एकटाच नाही, इंग्रजीत 'लगेच' म्हणणाऱ्या किती शब्दांची ही गत झालीये! आज 'लवकरच' या अर्थाचा इंग्रजी 'सून' हजार वर्षांपूर्वी 'तत्क्षणी' होता. 'अनॉन' (आता जुनाट, 'थोड्या वेळात' अशा अर्थाचा) पण तसाच, आणि त्याचं घसरणं तर शेक्सपिअरनेच रंगमंचावर दाखवलंय: चौथ्या हेन्रीच्या पहिल्या नाटकात दारूच्या गुत्त्यातला फ्रान्सिस नावाचा पोऱ्या, आतून हाका चालल्यात, हा 'अनॉन, अनॉन, सर!' ओरडतोय आणि राजपुत्राने बोलण्यात अडकवल्यामुळे जागचा हलत नाहीये. 'बाय अँड बाय' आता अगदी निवांत वाटतं, पण त्याच 1611 च्या बायबलात राजा हेरोदासमोर नाचलेली मुलगी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं शिर तबकात 'बाय अँड बाय' मागते, म्हणजे आत्ताच्या आत्ता. ते न कळता वाचलं तर त्या प्रसंगातली भीषण घाईच निघून जाते.

'सध्या' हा अर्थ मात्र या सगळ्यात मेला नाही. इंग्लंडच्या साहित्यिक भाषेत मागे पडला, पण स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेत लोक बोलत राहिले, 20व्या शतकात तो ब्रिटनमध्येही परत दिसायला लागला तेव्हा आरडाओरडा झाला, जणू कोणी परका घरात शिरलाय. आपल्याकडे तर अर्जात, बायोडेटात 'प्रेझेंटली वर्किंग ॲज' सर्रास असतं आणि कोणाचंही अडत नाही.

वापरायचं कसं म्हणाल, तर क्रियापदाकडे बघा. 'इज' किंवा 'आर' बरोबर आला की सध्या, 'विल' बरोबर आला की लवकरच. जुन्या कादंबरीत भूतकाळात आला, 'प्रेझेंटली ही केम बॅक' असा, तर थोड्या वेळाने. आणि 1700 च्या आधीचं काही वाचत असाल तर आधी 'ताबडतोब' लावून बघा, बहुतेक वेळा तोच बसतो. क्लायंटला तारीख-वेळ कळवायची असेल तिथे मात्र मी हा शब्द टाळते, 'करंटली' लिहिते, नाहीतर सरळ 'बाय फ्रायडे'.