मिक्सर विकणारा भाऊ, पाय चेपणारा भाऊ

प्रश्न : नाव छापू नका प्लीज, डोंबिवलीकडचे आहोत एवढं पुरे. माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी गेला, 27 वर्षांचा होता. गर्द ओढायचा. कॉलेजात असताना पन्नीवर चेस करायला, म्हणजे गर्द तापवून धूर ओढायला लागला आणि मग सुटलंच नाही. पण स्वभावाने इतका गोड की बिल्डिंगमध्ये कुणाचा सिलेंडर वर चढवायचा असो की कुणा आजींना बँकेत न्यायचं असो, हाच. आणि ह्याच पोराने एकदा आईचा मिक्सर उचलून विकला, नंतर कामाला लागल्यावर पहिल्या पगारात नवीन आणून ठेवला आणि दोन दिवस आईसमोर आलाच नाही. सेंटरला राहून आला, चांगले काही महिने क्लीन होता, आणि मग एका रात्री घेतलं आणि सकाळी उठलाच नाही. इतके महिने सोडलं होतं तर एकदाच घेऊन माणूस जातो कसा? बाबांना वाटतं त्याने मुद्दाम केलं. त्या रात्री त्याचा मला फोन आला होता, पैसे मागेल म्हणून मी उचलला नाही, हे अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. काका म्हणतात घरातल्या घरात उरका, फोटो-बिटो पेपरात देऊ नका, लोक नाही नाही ते बोलतील. आईला माणसं जेवायला घालायचीत. माझा मुलगा 9 वर्षांचा आहे, त्याला आम्ही सांगितलंय मामाचं हार्ट बंद पडलं. काय करू?

उत्तर : ताई, आधी बाबांच्या शंकेचं बघू, कारण ती मनात ठेवून श्राद्ध करणं फार जड जाईल. गर्द म्हणजे हेरॉइनच्याच जातीतलं. रोज घेणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय होते, मग डोस वाढत जातो. सोडलं की काही आठवड्यांतच ही सवय उतरते, पण डोक्यात मात्र जुनाच डोस पक्का असतो. त्या अंदाजाने एकदा जरी घेतलं तरी मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्र मंदावतं आणि माणूस झोपेतच जातो. त्यात पुडीत कधी काय आणि किती भेसळ असेल ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. म्हणून सेंटरमधून किंवा जेलमधून बाहेर आल्यानंतरचे पहिले आठवडे सगळ्यात धोक्याचे, आणि बऱ्याच घरांना हे कुणी नीट सांगतच नाही ह्याचा मला फार राग येतो. तुमच्या भावाच्या मनात त्या रात्री काय होतं ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण 'इतके महिने सोडलेलं, एकदाच घेतलं आणि गेला' ह्यावरून त्याने मुद्दाम केलं असं अजिबात ठरत नाही. क्लीन होता म्हणूनच ते एकदाचं घेणं झेपलं नाही, असंही होतं. बाबांना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, त्याला तपासणारे कुणी असतील तर उत्तमच.

(ज्यांच्या घरी आत्ता हे चालू आहे त्यांनी 14446 वर फोन करावा, ती व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. काही सरकारी केंद्रांत बुप्रेनॉर्फिनची गोळी मिळते, ती गर्दच्याच जातीतली पण डॉक्टर देतात ते औषध आहे, तिने परत घेण्याचं आणि जीव जाण्याचं प्रमाण कमी होतं. 'एका नशेच्या जागी दुसरी नशा' म्हणून तिला नाकं मुरडू नका.)

आता फोन. तुम्ही उचलला नाहीत कारण आधीच्या कित्येक फोनांनी तुम्हाला तेच शिकवलं होतं. दारूच्या व्यसनात अडकलेल्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनचे ग्रुप आहेत, 1951 पासून चालू आहेत, आणि ड्रग्ज घेणाऱ्यांच्या घरच्यांसाठी तसेच नार-अनॉनचे, तिथे पहिल्यांदा हेच सांगतात की हे व्यसन तुम्ही लावलेलं नाही, ते तुमच्या ताब्यात नाही आणि तुमच्याने बरंही होणार नाही. एकदा जाऊन बसा. तिथे फोन न उचललेल्या बहिणी, दार न उघडलेल्या आया भेटतील, तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही. आणि आईबाबांना सांगायचं की नाही ते नंतर ठरवा, आधी तिथे बोला.

काकांचं म्हणाल तर पेपरात आजार छापायची गरज नाहीच, कुठलाच आजार आपण छापत नाही. पण फोटो द्यायला काय हरकत आहे? लोक बोलायचं ते बोलून झालेत हो. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी 1986 साली मुक्तांगण सुरू केलं, ते गर्दच्या पोरांसाठीच, आणि तिथे पेशंटला रुग्णमित्र म्हणतात. बाहेर ज्याला गर्दुल्ला म्हणून हाकलत होते त्यालाच. आपल्या घरातल्या मुलाला निदान तेवढा मान द्यायला काय जातंय.

त्याच्या सेंटरमधला कुणी मित्र ओळखीचा असेल तर त्याला घरी बोलवा. मी अशी पोरं पाहिली आहेत जी स्वतः क्लीन झाल्यावर नवीन आलेल्याला टर्की लागते, म्हणजे नशा बंद झाल्याचा त्रास सुरू होतो, तेव्हा रात्र रात्र त्याचे पाय चेपत बसतात, कारण त्या वेळी पोटऱ्या अशा ओढतात की पोरगं भिंतीला लाथा मारतं. सिलेंडर चढवून देणारा तुमचा भाऊ तिथे नुसता बसून राहिला असेल असं मला वाटत नाही. आईने ते कुणाच्या तरी तोंडून ऐकावं. आणि मिक्सरची गोष्टही सांगा, अर्धी नको, विकला तिथपासून. तो चांगला होता हे सिद्ध करायला ती लपवायची गरज नाही, दोन दिवस समोर न येणं म्हणजे काय ते ऐकणाऱ्याला कळतं.

मुलाला खरं सांगा, पण त्याच्या वयाचं. 'मामाला नशेचा आजार होता, तो बरा व्हायचा प्रयत्न करत होता, परत घेतलं आणि त्याचा श्वास थांबला, आणि ह्यात तुझं काही चुकलं नाही.' एवढं बास. तो पुढे काही विचारेल तेव्हा उत्तर द्या, त्याच्या आधी लेक्चर नको. दोन-तीन वर्षांनी शाळेत कुणीतरी कुजबुजणारच आहे, त्याआधी तुमच्याकडून कळलेलं बरं.

आईला जेवू घालू द्या. घरी करा आणि जमलं तर त्याच्या सेंटरलाही एक वेळचं जेवण द्या, फक्त आधी फोन करून विचारा, बाहेरून शिजवलेलं सगळीकडे चालत नाही, बरेचदा शिधा नाहीतर पैसे घेतात.