'साल दार्म' म्हणजे शस्त्रागार नव्हे

प्रश्न : पॅरिसच्या कलावंतांवरील मराठी लेखांत 'ते शस्त्रागारात जमत' असे वाचतो. मूळ फ्रेंच शब्द 'साल दार्म' आहे. भाषांतर बरोबर का?

साफ चूक, आणि तीच तीच. शस्त्रागारात शस्त्रे ठेवतात. साल दार्ममध्ये ती चालवायला शिकवतात. आपल्याकडे याला तालीम म्हणतात, आणि नाटकवाल्यांचीही तालीमच असते, म्हणजे कलावंतांचीही सोय झाली! ओग्युस्तँ ग्रिझिए हा पॅरिसचा नामांकित वस्ताद. अलेक्झांडर द्युमा त्याचा शागीर्द. ग्रिझिएच्या रशियातल्या दिवसांवर त्याने १८४०मध्ये कादंबरी लिहिली, तर झारने तिच्यावर बंदी घातली. चित्रकार ओरास व्हेर्नेने स्वतःच्या चित्रशाळेचे चित्र काढले, त्यातही ऐन गर्दीत तलवारबाजी चाललेली दिसते. चित्रकार एदुआर माने तालमीत किती घुमला होता कोण जाणे. १८७०मध्ये समीक्षक द्युरांतीशी तो द्वंद्व खेळला तेव्हा दोघे असे काही भिडले की तलवारी वाकल्या. मानेच्या बाजूने साक्षीला कादंबरीकार एमिल झोला होता.

पण खरी गंमत तलवारीच्या नावात आहे. 'एपे' या फ्रेंच तलवारीला मराठी शब्द शोधणाऱ्यांना घरातली 'फिरंग' दिसत नाही. लांब, सरळ पात्याची ही तलवार. पाते युरोपातले, मूठ इथली. फिरंग म्हणजे फारसीतले 'फरंग', म्हणजेच फ्रँक ही जुनी टोळी, जिच्यावरून फ्रान्सला नाव पडले. आणि फ्रँक कुठून आले? माझ्या मते भाल्यावरून. जुन्या इंग्रजीत 'फ्रांका' म्हणजे फेकायचा भाला. त्यांचे शेजारी सॅक्सनही 'सॅक्स' या सुऱ्यावरूनच ओळखले गेले. म्हणजे शस्त्रावरून टोळी, टोळीवरून पुन्हा शस्त्र! 'फ्रँक म्हणजे मोकळा, स्वतंत्र' असे सांगणारे पंडित गाडी घोड्यापुढे जुंपतात. जिंकलेल्या मुलखात पुरते मोकळे फ्रँकच होते, म्हणून त्यांच्या नावाला तो अर्थ चिकटला. अर्थावरून नाव पडले नाही. तलवारबाजीला फ्रेंच म्हणतात 'एस्क्रिम'; तोही शब्द जर्मन घराण्यातला, मुळात अर्थ राखणे, बचाव करणे. हल्ला नव्हे, हे क्रीडावार्ताहरांनी लिहून ठेवावे. (भावप्रकाश या जुन्या वैद्यकग्रंथातला फिरंगरोग, म्हणजे उपदंश, वेगळा, पण आहेर फिरंगी मंडळींचाच.)

आता कोणी म्हणेल, फिरंगेने वार करतात आणि एपे नुसती खुपसतात. माहीत आहे. तरीही 'खड्ग' लिहिण्यापेक्षा फिरंग लिहा.