टाइमिंग बसत नाहीये, सर

सातपूरहून एक भावी अग्निवीर: सर, रोज सहा किलोमीटर जीव तोडून पळतो. तरी भरतीच्या सोळाशे मीटरला ५ मिनिटं ५० सेकंदांच्या खाली येत नाही.

‘रोज जीव तोडून’ इथंच गाडं अडलंय. या धावेचे पूर्ण ६० गुण हवेत तर ५:३० च्या आत यायला हवं, म्हणजे चारशे मीटरची एक फेरी साधारण ८२ सेकंदांत. पोरं पहिली फेरी ७० सेकंदांत मारतात, तिसरीत खांदे कानाला लागतात आणि चौथीत नुसती ओढाताण. तू आठवड्यात दोनच दिवस वेगाचे ठेव: चारशे मीटर ८२ सेकंदांत, मग दोन मिनिटं चालणं, असं चारदा. महिन्याभरात चारवरून सहा फेऱ्यांवर जा. दोन दिवस पाऊण तास इतकं संथ पळ, की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. एक दिवस चामरलेणीच्या पायऱ्या (उतरताना चालत, गुडघे पुढं लागणार आहेत). एक दिवस पुलअप्स. रविवारी काही नाही. खरंच काही नाही, क्रिकेटसुद्धा नाही.

दिंडोरी: दिवसभर द्राक्षबागेत असतो, पहाटे पाचला पळतो. पाय जड, वजन उतरतंय. मित्र म्हणतात पावडर घे.

मांडवाखाली हात वर करून सहा-सात तास विरळणी करतोस, तेही शरीराच्या हिशेबात धरलं जातं. कामाचा जोर असेल त्या आठवड्यात वेगाचं पळणं एकदाच. वजन उतरतंय म्हणजे खाणं कमी पडतंय. साठ किलोच्या पोराला दिवसाला ९० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. चार अंडी, अर्धा लिटर दूध, दोन वाट्या घट्ट वरण, मटकीची उसळ, दोन मुठी शेंगदाणे आणि भाकरी, एवढ्यात ती होतात. पावडरचे पैसे अंड्यांना दे.

अंथरुणातून उठण्याआधी मनगटाची नाडी मिनिटभर मोज आणि वहीत लिही. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त भरले तर त्या दिवशी फक्त चालायचं. आणि पाचला उठायचं असेल तर नऊला मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव.

नाशिकरोड: मुलगी पोलीस भरतीचं ८०० मीटर पळते. नडगी दुखते, गोळी घेऊन ग्राऊंडवर जाते.

ताई, गोळी आधी बंद. ती दुखणं झाकते, आणि उन्हात पाणी कमी पडलेलं असताना किडनीवरही ताण आणते. नडगीच्या आतल्या कडेवर बोटानं दाबून बघा. चार-पाच बोटं लांब पट्टा दुखत असेल तर दोन आठवडे पळणं निम्म्यावर आणा आणि डांबरी रस्ता सोडून मातीवर पळू द्या. एकाच ठिकाणी टोचल्यासारखं दुखलं, रात्रीही ठणकलं, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. मग पळणं थांबवून थेट हाडांच्या डॉक्टरांकडे. मी तरुणपणी नडगीला चिंधी बांधून पळत राहिलो होतो, सहा आठवडे प्लास्टरमध्ये काढले.

पाळी चुकतेय का, तेही विचारा. कमी खाणाऱ्या मुलींची हाडं त्यातून कमजोर होतात. हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर नुसत्या सरावानं दम वाढणार नाही. जेवणाला लागून चहा नको.

त्र्यंबकेश्वर: बर्फाच्या पाण्यात बसावं का?

बरं वाटत असेल तर बस. झोपेची भरपाई त्यानं होत नाही.

सिन्नर: भरतीच्या आदल्या दिवशी किती पळू?

अजिबात नको. बऱ्याच ठिकाणी मध्यरात्रीच रांगेत उभं करतात, म्हणून दुपारी झोप काढ. नवे बूट घालू नकोस. केळी, पाणी, झेरॉक्सचे दोन संच पिशवीत भर, आणि मूळ दाखले वडिलांकडे न देता स्वतःजवळ ठेव.