पोट भरतं, पण वजन वाढत नाही

प्रश्न : नात सव्वा वर्षाची आहे, वजन ७ किलो. दोन वेळा भाताची पेज आणि डाळीचं पाणी पोटभर घेते, अंगावरही पिते. तरी अंगणवाडीच्या तक्त्यात पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या, पट्ट्यातच आहे. कुठे चुकतंय?
– एक आजी, ता. धारणी

उत्तर : आजी, पेजेत पाणीच फार असतं. एवढ्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० मिली मावतं. ते पाण्यानं भरलं की भूक मिटते, अंगाला मात्र काही लागत नाही. डाळीच्या पाण्याचंही तेच. डाळ पातेल्याच्या तळाशीच राहते.

दोन मुठी तांदळाला एक मूठ डाळ घ्या, मऊ खिचडी शिजवून कुस्करा. चमचा तिरका केला तर ओघळू नये, इतकी घट्ट हवी. वाटीमागे एक छोटा चमचा तेल घाला, त्यातून ४५ कॅलरी मिळतात. असं दिवसातून तीन-चार वेळा, मधल्या वेळी केळं किंवा उकडलेलं अंडं. अंगणवाडीच्या घरपोच आहाराचं पाकीट घरभर वाटलं जातं, म्हणून तिचं वेगळ्या डब्यात ठेवा.

घट्ट पेज गिळवत नसेल तर पाणी वाढवू नका. नाचणी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात दीड-दोन दिवस मोड आणा, कडकडीत वाळवा, मोड चोळून काढा, किंचित गरम करून दळा. घट्ट पेज उतरवून जरा निवली की हे पीठ चमचाभर ढवळा. काही मिनिटांत ती सैल होते. मग पुन्हा एक उकळी आणा. नाचणी खरपूस भाजली तर हा गुण जातो, ओलसर राहिली तर बुरशी धरते.

दर महिन्याला सेविकेकडून दंडाचा घेरही मोजून घ्या. डावा हात सैल सोडलेला, खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्ये पट्टी टेकलेली. रुतली तर घेर कमी भरतो. ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहिला, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. सुजेचं पाणीही काट्यावर चढतं, त्यामुळे अशा वेळी नुसत्या वजनावर विसंबणं धोक्याचं.

प्रश्न : जुलाब लागले की बाळाचं खाणं बंद करावं का?

उत्तर : मुळीच नाही. ओआरएससोबत अंगावरचं दूध आणि खिचडी थोडी थोडी चालू ठेवा. सहा महिन्यांवरच्या बाळाला झिंकची २० मिग्रॅची गोळी रोज एक, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की बरेच जण गोळी सोडतात. तसं करू नका.