तीन मुलं, तीन वयं, शिकवणारा एकच. घरी शिकवायचं कसं जमवता?

तुम्ही लिहिलंय की मुलं १०, ७ आणि ४ वर्षांची आहेत, तिघांनाही घरीच शिकवायचं ठरलंय, पण टाइमटेबल काही केल्या बसत नाही. मी म्हणतो बसवूच नका. मी केलं होतं, तीन रंगांचे तीन रकाने, अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन, बायको बघून नुसतं "छान आहे" म्हणाली आणि हसली, का हसली ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. माझी पोरं तेव्हा ११, ८ आणि ४ ची. मोठी अपूर्णांकात अडकून पेन्सिल चावत बसलेली, मधल्याचं "बाबा आता काय करू" चालू आणि धाकटी खडू घेऊन टेबलाखाली.

मग विषयांचे दोन ढीग केले. गणित आणि वाचन-लेखन ज्याचं त्याच्या पातळीवर, एकेकाला शेजारी घेऊन. बाकी विज्ञान, इतिहास, भूगोल सगळं एकत्र, विषय एकच पण काम वेगळं. म्हणजे बघा, बाष्पीभवन करायचं होतं तर दोन सारखे उभे ग्लास घेतले, सारखंच पाणी, एक उन्हात आणि एक सावलीत. धाकटी रोज सकाळी पाण्याच्या पातळीला मार्करने रेघ मारायची, मधला पट्टीने मिलिमीटर मोजून वहीत मांडायचा, आणि मोठीने आठवड्याचा आलेख काढून उन्हातलं पाणी लवकर का उतरलं ते लिहिलं. माझी तयारी पाच मिनिटांची, तीही एकदाच.

गणित आणि वाचन-लेखनाला एकेकाला २०-२५ मिनिटं पुरतात, शाळेचे तास मोजत बसू नका, तिथे एका शिक्षकापुढे अख्खा वर्ग असतो. आणि सुरुवात सगळ्यात लहानापासून करा. उलटं वाटतं, अभ्यास तर मोठ्यांचा जास्त, पण चार वर्षांच्या पोराला सकाळीच पोटभर लक्ष मिळालं की नंतर बराच वेळ ते आपलं आपण खेळतं, नाही मिळालं तर दर पाच मिनिटांनी येऊन वसूल करतं.

मी एकाजवळ बसलो असताना दुसऱ्याचं अडलं तर हाक मारायची नाही, त्या गणितापुढे फुली मारायची आणि पुढचं घ्यायचं. पहिले दोन आठवडे हा नियम कुणीही पाळला नाही. आता मी पोचेपर्यंत बऱ्याच फुल्या त्यांनीच खोडलेल्या असतात.

मोठ्या भावंडाने धाकट्याला शिकवावं का, तर हो, कारण त्यात मोठ्याच्या चुका बाहेर येतात. आमची मोठी कागदाच्या पट्ट्या दुमडून भावाला अपूर्णांक समजावत होती, दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश तिने केले तीन सप्तमांश, वरचे वर मिळवले आणि खालचे खाली. तो पट्टीकडे बघत म्हणाला, "पण दोन तृतीयांश तर अर्ध्याहून मोठं आहे ना, मग त्यात अजून घालून अर्ध्याहून कमी कसं झालं?" ती गप्पच झाली. मी तेच आदल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं, काही उपयोग झाला नव्हता. पण आठवड्यातून एकदोनदाच, रोज केलंत तर ती तुमची बिनपगारी मास्तरीण होते आणि मग भांडणं.

पाढे, स्पेलिंग वगैरे पाठांतराला प्रत्येकाचा चिठ्ठ्यांचा डबा, तीन कप्पे: रोजचा, तीन दिवसांनी, आठवड्याने. बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले स्मरणशक्तीचे प्रयोग छापले होते, विसरणं सुरुवातीला सगळ्यात वेगाने होतं, म्हणून नव्या चिठ्ठीची उजळणी लवकर लवकर. प्रत्येकजण स्वतःशीच खेळतो त्यामुळे कोण पुढे कोण मागे हेही होत नाही. त्याच कारणासाठी वर्कबुकं वेगवेगळ्या प्रकाशनांची घ्या, नाहीतर पानांचे नंबर मोजून रडारड.

घरी शिकवण्याचे नियम देशागणिक वेगळे असतात, नोंदणी आणि परीक्षेचं आधी बघून घ्या.

आणि काही दिवस सगळंच फसतं, कुणी आजारी, कुणी रुसलेलं. तेव्हा फक्त चिठ्ठ्यांचा डबा आणि मी एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवतो, बास. मोठी दोघं त्याला हाफ डे म्हणतात, धाकटीला अजून वाटतं त्या दिवशी सुट्टी असते.