'फँड्री' चित्रपटाच्या शेवटी जब्या या शाळकरी मुलाने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडेच का येतो?

कारण त्या क्षणी कॅमेरा जब्याला चिडवणाऱ्याच्या जागी आहे, आणि पर्यायाने आपणही. नट सहसा लेन्सकडे पाहत नाही, त्यामुळे प्रेक्षक सुरक्षित राहतो. दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी (2013) ती सुरक्षितताच काढून घेतली. डुक्कर पकडण्याचा 'तमाशा' बघत बसलेल्या गावकऱ्यांत आपणही होतो की!

त्याआधीचं दृश्य आवाज बंद करून पुन्हा बघा. बांधलेलं डुक्कर खांद्यावरून शाळेच्या भिंतीसमोरून जातं, भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई. चित्रांचे वेगळे क्लोजअप आले असते तर ते भाषण झालं असतं. एकाच चौकटीत ओझं पुढे आणि चेहरे मागे, म्हणून ते टोचतं. जब्या जिच्या मागे फिरतो त्या काळ्या चिमणीचा मात्र एकच ठरावीक अर्थ लावू नका, ती त्याची आसही आहे.